आठव्या घरातला मंगळ

बाबा, रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आज बुधवार. ऑफिसात साहेबांनी दोनदा काहीतरी विचारलं आणि मी दोन्ही वेळा भलतंच उत्तर दिलं. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही मला, खोटं कशाला बोलू. आणि आता लिहायला बसलेय.

रविवारचंच सांगते. कार्ल्सरूहेहून लेक आली होती, तुमची नात. लग्न ठरलंय तिचं, मुलगा इथलाच, जर्मन. श्टांडेसआम्टला, म्हणजे लग्न नोंदवतात त्या कचेरीत, जन्मदाखला द्यायचा होता, तो न्यायला आलेली. त्याच पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे गेली. दर मार्चअखेर जातात, ऑक्टोबरात परत मागे येतात. हे बंद करा म्हणून सगळ्या युरोपात वर्षानुवर्षं चर्चेचं गुऱ्हाळ चाललंय. मी ओव्हनचं घड्याळ लावत होते आणि ती कॉफीचा मग धरून धुसफुसत होती, काय हा मूर्खपणा म्हणून. "ममा, दास इस्ट दोख क्वाच! झोपेतला तास घेतात म्हणजे काय?" पुढचं सगळं जर्मनमध्येच. मी म्हटलं, "अगं, उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड मिळतो, बाल्कनीत बसता येतं. तासभर इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळतंय?" कोसळलं बाबा, पुढच्या पंधरा मिनिटांत.

दाखल्याच्या फायलीत तुम्ही केलेली तिची पत्रिका निघाली. लाल शाईतला चौकोन, खाली तुमची सही. तिला गंमत वाटली. लगेच फोनवर कुठलंसं ॲप उघडलं, स्टुटगार्ट, जन्मतारीख, सकाळचे सहा वीस, सगळं भरलं आणि दोन्ही चौकोन शेजारी शेजारी धरले. "ममा, जुळत नाहीये. ओपांचं सगळं एका घराने सरकलंय. मंगळ आठव्यात नाही, नवव्यात आहे." ओपा म्हणजे तुम्ही, आजोबा. मग खाली काहीतरी वाचून हसायलाच लागली. "अच्छा, ॲपने एक तास वजा केलाय! मी जुलैतली ना. ओपा झोमरत्साईट विसरले." झोमरत्साईट म्हणजे हीच, उन्हाळ्यात पुढे ढकललेली वेळ. ती हसत होती आणि मी तिच्या हातातून तुमची पत्रिका ओढून घेतली. मंगळ नव्हताच? मुळात नव्हताच?

तुमचं गणित चुकावं हेच मला पचेना. शाळेत मास्तर, आणि घरी पत्रिकांचा नाद. सांगलीच्या त्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाट मांडून बसायचात, पंचांग एका बाजूला, लॉगटेबल दुसऱ्या बाजूला. आईने भांडं वाजवलं तरी मान वर करून रागाने बघायचात. एकदा मी तुमच्या कच्च्या कागदामागे भाजीची यादी लिहिली, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. असा माणूस तास विसरेल?

बारशाच्या दिवशी फोनवर म्हणालात, "आठव्यात मंगळ आहे. सांगायला जड जातंय, पण लपवणार नाही." माझं टाळकंच फिरलं. बारा दिवसांचं पोर ते! "अहो, मी इथे इंजिनं डिझाइन करते आणि तुम्ही माझ्या पोरीच्या कपाळी मंगळ चिकटवताय?" म्हणून फोन आपटला. मग भारतात आले की हट्टाने पुण्याला सासरीच उतरायचे. तुम्ही असेपर्यंत सांगलीला पाय म्हणून ठेवला नाही. नात चार वर्षांची असताना तुम्हीच एसटीने पुण्याला आलात. तिला रंगीत खडूंची पेटी दिलीत, वीस मिनिटं बसलात आणि पोह्यांची बशी तशीच ठेवून निघालात. मी सासूबाईंना म्हटलं, "बघा केवढा ताठा!" तो मंगळवार होता. नातीसाठी तुम्ही मंगळवार धरले होते, शेवटच्या आजारपणातही सोडले नाहीत, हे ताईने मला तुमच्या तेराव्याला सांगितलं. त्यावर मी काय बोलले माहीत आहे? "भीती स्वतःच घातली, स्वतःच फेडली." असं बोलले मी. तुमच्या तेराव्याला.

मंगळबिंगळ मी आजही मानत नाही. आणि असता तरी तो ओल्या बाळंतिणीला सांगायला नको होतात, हे तोंडावर सांगेन. इथल्या सरकारला, ठेवा तुमची घड्याळं आहेत तशी, उद्यापासून बंद करा हा खेळ, असं मला आता ओरडून सांगावंसं वाटतं, पण ते तरी कुठल्या तोंडाने सांगू? घड्याळाने काही केलेलं नाही. तुम्हीही विसरला नव्हतात. पोरगी "विसरले" म्हणाली आणि तीस वर्षं ध्यानीमनी नसलेला तो फोन मला शब्दन् शब्द आठवला. हॉस्पिटलच्या पॅसेजमधून मी तुम्हाला जन्मवेळ सांगत होते. तुम्ही विचारलंत, "तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं असं वाचलंय. तो तास वजा करून सांगतेयस ना?" टाके ओढत होते, आत पोर रडत होतं. पण प्रश्न मला नीट ऐकू आला होता. "हो हो, केलाय वजा." तुम्ही म्हणालात, "नक्की?" मी म्हटलं, "अहो बाबा, नक्की!" आणि तुम्ही ते लिहून घेतलंत. मी सांगितलं म्हणून.

हे आता कुठे पाठवू? तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. लेकीला तेवढं सांगता आलं असतं, समोरच तर बसली होती. मी फाईल मिटली, दाखला तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हो, विसरले असतील. वय झालं होतं त्यांचं." तुम्ही तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होतात, बाबा. मला परवा एकोणसाठ पूर्ण झाली.