सागवानी खांबांचं दुकान

खापा,
गुरुवार, ता. २२ नोव्हेंबर १९७३

चि. मनोहर यास बापूजींचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. नागपुरात थंडी पडली असेल, कानाला रुमाल बांधत जा. आजपासून आपलं दुकान उतरवायला घेतलं आहे. फक्त वरचा माळा उतरेल. खालचे सागवानी खांब तुझ्या आजोबांच्या वेळचे, त्यांना काही होत नाही. तू आलास की त्यांवरच नवं छप्पर घालू.

दादा, इथपर्यंत बापूजींनी सांगितलं. पुढचं माझं आहे.

आम्ही दुकानासमोरच्या ओट्यावर बसलो आहोत. बापूजींना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मघाशी विचारत होते, "आता काय काढून राहिले वं?" मी म्हटलं, "कवेलू." दादा, कौलं नव्हे, खांब काढत होते. चौथा आत्ताच बैलगाडीवर चढवला. खाली काहीच राहणार नाही.

तुझं वैशाखातलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पण तू लिहिलं होतंस ते नाही. तू लिहिलं होतंस, 'मी खाप्याला परत येणार नाही. इमारतीचं तुम्हाला वाटेल ते करा.' तू भांडून गेल्यापासून ते एकच वेळ जेवत होते. मी वाचलं, 'दसऱ्याला येतो, दुकान मीच उघडीन.' त्या दिवशी त्यांनी मागून भाकर घेतली. मला वाटलं, तोवर तुझा राग जाईल.

ज्येष्ठात विणकरांचा लहानू आला. त्यांना लुगडी विकायला मेन रोडवर जागा हवी होती. सगळी इमारत दुरुस्त करून ते भाड्याने घेणार होते. बापूजी हसून म्हणाले, "लहानू, माहा पोरगा येऊन राहिला गा. त्याले काय रस्त्यावर बसवू?"

मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. लहानूला पाणी दिलं आणि आत गेले. विणकरांनी दुसरी जागा घेतली. पोळ्याच्या आधी सज्जा कोसळला आणि नगरपालिकेच्या कमेटीने इमारत धोक्याची ठरवली.

दसऱ्याला आणखी एक पत्र वाचलं, 'रजा नाही, दिवाळीनंतर येतो.' हातात कुणाची तरी लग्नपत्रिका होती. मला शाळेत घालण्याआधी त्यांनीच, याच दुकानात, कापडावर खुणा करायच्या खडूने अक्षरं शिकवली होती.

तुला दोष देत नाही. तू खरं लिहिलंस.

आता बापूजी विचारतात, "मी तं चार ओळी सांगितल्या. येवढं काय लिहून राहिली वं? माह्या बिड्यांची चुगली करून राहिली काय?"

"नाही, बापूजी. माहंच थोडं आहे."

"मंग वाच. ऐकल्याबिगर आपल्या घरचं पत्र लिफाफ्यात जात नाही, मालूम हाय ना?"

हा नियम त्यांचाच. खाली सही करते आणि पहिल्या ओळीपासून वाचते. एकही शब्द गाळणार नाही. हे पत्र तुझ्या हातात पडलं तर समज, त्यांनी सगळं ऐकलं आहे.

तुझं पुढचं पत्र ते मला वाचायला देतील की नाही, ठाऊक नाही.

बापूजींची आणि तुझीही अपराधी,
गोपिका