शिकवताना बसायला मनाई

३ जुलै
रूपालीच्या शाळेने वर्गांतल्या खुर्च्या उचलल्या. सगळ्या. ट्रॅक्टरमध्ये भरून गोडाऊनला! संस्थाचालक प्रेमराज म्हणे, "बसलेली बाई डुलक्या घेते." रूपाली माझी सून. सातवा महिना. दिवसभर उभं राहून शिकवते. हा माणूस आधी केळीच्या गाड्या भरायचा. घडांखाली निदान पाला तरी अंथरायचा.

५ जुलै
वर्गावर्गात कॅमेरे. टेबलाला टेकलं तरी त्याचा फोन येतो. ग्रुपवर रोज सकाळी त्याचा सुविचार – खाली प्रत्येकीने जोडलेले हात टाकायचे. विसरली तर दुपारी त्याच्या केबिनमध्ये. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर कडक होत्या, छडीही चालवायच्या. पण पोटुशी बाई उभी ठेवून शिस्त लावायची, हे त्यांनाही सुचलं नसतं.

७ जुलै
पाय इतके सुजलेत की आज नवऱ्याच्या चपला घालून गेली. तो नवरा, माझा किरण, मला सांगतो, "आई, तिची नोकरी जाईल. गप्प बस." बसले. घरात अजून बंदी नाही.

९ जुलै
शेवटी प्रेमराजच्या केबिनमध्ये गेलेच. दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी करताना मी तीन साहेब पचवलेत, हा काय!
"या अक्का, बसा. चहा सांगतो." स्वतः गुबगुबीत फिरत्या खुर्चीत.
"नको. डुलकी लागेल."
शिपाईण भिकुबाई तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. मी म्हटलं, पोरीला काही झालं तर पोलीस स्टेशनची पायरी तुला चढायला लावीन. मुख्याध्यापक शेजारीच होते. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.
"तुमच्या सुनेचं बघतो मी, अक्का. बठ्ठं, अगदी सगळं नीट होईल."

१० जुलै
बाजारात नूतन भेटली. रूपालीच्या शेजारचा वर्ग तिचा. गुडघे गेलेत बिचारीचे.
"अक्का, आमच्यासाठी पण बोला ना."
"तुला तोंड नाही?"
"घरात माझा एकटीचाच पगार आहे."
मी तिची पिशवी उचलून रिक्षापर्यंत नेली.

१२ जुलै
रूपालीला खुर्ची मिळाली. प्रेमराजच्या केबिनमध्ये, कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर. वर्गात कोण टेकतं, ते तिने त्याला सांगायचं.
"आणि तू हो म्हणालीस?"
"पाय फार ठणकतात, आई."
आज तिने एक नाव दिलं. नूतनचं.