खिडकीची केबिन आणि वांगणीचे सहा गुंठे

दिनांक १६ नोव्हेंबर २०२५, रविवार. अंबरनाथ पूर्व.

भाऊबीजेपासून मी माहेरच्या कोणाचाही फोन उचललेला नाही. माझी भाची, राजूदादाची मुलगी राजसी, हिचाही नाही, आणि तिचा यात काहीच दोष नव्हता. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल मी तिची माफी मागते. बाकी कोणाची मागत नाही.

मी, तेजस्वी रघु वायले, वय ४६, अविवाहित, शिक्षण बी.एस्सी., आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात नोकरीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहीत आहे. रागात आहे का, असे कोणी विचारले तर हो, आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते का, हे मी वकिलांना विचारून घेतले. ते म्हणाले, "मॅडम, रागाला कायद्याची हरकत नाही. फक्त अक्षर नीट काढा." तसे काढत आहे.

१. हे आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. येत्या एप्रिलपासून मी कायमची बोटीवर राहायला जाणार आहे. फिरायला नाही, राहायला. कारखान्याची सुरक्षिततेची कागदपत्रे तयार करायचे माझे काम लॅपटॉपवर होते, ते समुद्रातूनही होईल; साहेबांनी तसे लेखी दिले आहे. बोटीच्या कंपनीच्या अर्जात एक रकाना आहे: मृत्यू झाल्यास कोणाला कळवावे आणि देहाचे काय करावे. तो रिकामा ठेवता येत नाही. त्या रकान्यात थोरल्या भावाचे नाव लिहायला हात वळला नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

२. घरच्यांनी मला वेडी ठरवले असल्यामुळे, मी काय काय तपासले ते नोंदवून ठेवते.

सगळ्यात महाग प्रकारात बोटीवर स्वतःचा फ्लॅटच विकत मिळतो. स्वयंपाकघर, वाचनालय, आणि बोट पुढे कुठे न्यायची यावर मालकांचे मतदान. वर दरवर्षी मेंटेनन्स, आपल्या सोसायटीसारखाच, फक्त शून्ये जास्त. राजूदादाने पालेगावची आमची जमीन बिल्डरला देऊन जे पैसे केले ते सगळे मोजले तरी त्यात हॉल येईल, बेडरूम येणार नाही.

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे साध्या सहलींची तिकिटे एकापाठोपाठ एक काढत राहायची. सीझन नसताना ती खरोखर स्वस्त पडतात. पण दर पंधरवड्याला बॅग भरून केबिन सोडायची, नव्या केबिनमध्ये जायचे. जेवण त्यात येते. कपडे धुणे, इंटरनेट, डॉक्टर वेगळे. आणि एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचे भाडे. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. लग्न न केल्याचा दंड समुद्रातही भरायचा!

या दोन्हींच्या मध्ये महिन्याच्या भाड्याने राहायच्या बोटी आहेत. यातल्या काही नुसत्या जाहिरातीत आहेत, लोकांचे पैसे घेतात आणि बोट काही येत नाही. म्हणून जी आज पाण्यात आहे आणि जिच्यावर माणसे राहत आहेत तीच मी निवडली. तिच्यात दोन तऱ्हेच्या केबिन. आतली, बिनखिडकीची: माझा पगार आणि माझ्या या अंबरनाथच्या फ्लॅटचे येणारे भाडे मिळून ती कायम परवडते, फ्लॅट शाबूत राहतो आणि माझ्यामागे राजसीला जातो. बाहेरची, खिडकीची: त्यासाठी फ्लॅट विकावा लागतो.

मी आतली ठरवली होती. भाऊबीजेच्या सकाळपर्यंत आतलीच ठरलेली होती.

३. पालेगावच्या जुन्या घरात मी भाताच्या कणगीच्या खोलीत झोपायचे. तिला खिडकी नव्हती. दादाची खोली ओसरीकडची, खिडकीची. बाबा गेल्यावर जमीन बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा दादाने हक्कसोडपत्र पुढे केले. आमच्याकडे बहिणीने भावाला हक्क सोडून द्यायचा आणि भावाने साडीचोळी करायची, ही रीत. दादा म्हणाला, "तेजू, नव्या बिल्डिंगमध्ये तुझी एक खोली कायम. वरच्या मजल्यावर. खिडकीची." मी सही केली. साडी मोरपंखी होती.

गेल्या वर्षी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. आठवडाभर पडून राहावे म्हणून त्या खोलीत गेले. तिथे समर्थचे, म्हणजे दादाच्या मुलाचे, ट्रेडमिल आणि डंबेल. मला हॉलमधल्या सोफ्यावर घातले. द्रौपदीवहिनीने तिसऱ्या दिवशी चहा देता देता विचारले, "मग, किती दिवस हायेस?" मी टाक्यांसकट रिक्षाने घरी आले आणि त्याच दुपारी पहिल्यांदा बोटीचे शोधले. बोटीवरसुद्धा किती दिवस हे विचारतात. पण विचारून झाल्यावर पावती देतात.

सबब, पालेगावच्या इमारतीतली 'माझी खोली' मी चि. समर्थ यास देत आहे. कब्जा त्याच्याकडे आहेच. व्यायाम चालू ठेवावा.

४. आता भाऊबीज. मी ओवाळले. दादाने ताटात साडी ठेवली. साडीखाली प्लास्टिकचा फोल्डर होता.

"काय आहे?"

"काही नाही गं, वांगणीचं. आईच्या नावावरचं. बोटीवर जायचंय ना तुला? मग सही करून जा, मागं लफडं नको."

"वाचून बघते."

वहिनी हसली. "वाचायचं काय त्यात? मागच्या टायमाला कुठं वाचलं व्हतंस?"

मी फोल्डर उघडला. दादाचा आवाज चढला. "तेजू, माझ्यावर भरोसा नाय तुझा? अगं, त्या बोटीवर मेलीस तर तुला आणायला कोण येणार? मीच ना? का तो कप्तान येणार खांदा द्यायला?"

"येशील?"

त्याने फोल्डरवर पेन ठेवले. म्हणाला, "सही केलीस तर बघू."

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. यात माझा राग मिसळला नाही ना, हे मी तीनदा तपासले. मिसळायची गरज नव्हती.

वांगणीची बारा गुंठे जमीन आईची, राजाबाई रघु वायले हिची. तिला ती माहेरून आली, कारण तिला भाऊ नव्हता. असता तर तिलाही साडीच मिळाली असती. आईमागे तिचे वारस आम्ही दोघेच. तेव्हा सहा गुंठे माझे. आजूबाजूला फार्महाऊसे उठली आहेत, म्हणून ती आज दादाला दिसू लागली. आई दोन वर्षे अंथरुणावर होती तेव्हा त्याला वांगणी सोडाच, अंबरनाथही दिसत नव्हते. ती या फ्लॅटमध्ये, माझ्या पलंगावर गेली.

तरी मी स्वतःला विचारले: जमीन मला हवी आहे, की त्याला मिळू नये एवढेच हवे आहे? खरे सांगायचे तर दुसरे जास्त. पण दुसरे आहे म्हणून पहिले खोटे ठरत नाही.

५. साडी आणि फोल्डर पिशवीत घालून मी निघाले. रिक्षापर्यंत सोडायला राजसी खाली आली. ती एकवीस वर्षांची आहे, उल्हासनगरला कॉलेजात जाते.

"आत्या, तू कुठली केबिन घेतेयस?"

"आतली. फ्लॅट तुला राहील."

"खिडकी नाही? पागल आहेस का? तुझ्या पासपोर्टवर निम्म्या ठिकाणी उतरायला व्हिसा लागणार. मिळाला नाही तर बोटीतच बसायचं. मग दिसणार काय तुला? भिंत?"

"तुझ्यासाठी फ्लॅट..."

"मला नको ना यार असं काही. उद्या समर्थच्या लग्नात पप्पा मलाही साडी देऊन सही मागतील, तेव्हा मी सांगू काय, आत्या माझ्यासाठी अंधारात राहिली?"

रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बसताय की जाऊ?" मी बसले. तिला उत्तर दिले नाही. उत्तर खालीलप्रमाणे.

६. हा फ्लॅट, माझा स्वकष्टार्जित, मी विकून खिडकीची केबिन घेणार आहे. विक्री व्हायच्या आत मी मेले, तर तो राजसी राजू वायले हिला जावा. बँकेतले, भविष्यनिर्वाह निधीतले, बोटीच्या खर्चातून जे काही उरेल तेही तिलाच.

७. वांगणीच्या जमिनीतला माझा संपूर्ण हिस्सा मी राजसीला देत आहे. तिने तो कधीही भावाला हक्कसोडपत्राने देऊ नये, अशी अट मी कच्च्या मसुद्यात घातली होती. मग वाटले, तिच्या हातातल्या पेनावर माझा हात कशाला? साडीच्या बदल्यात सही मागणे आणि जमिनीच्या बदल्यात सही रोखणे यांत फार अंतर नाही. अट खोडली आहे. राजसी, एवढेच कर: वाचून घे. आणि कोणी वाचायचे काय त्यात म्हणाले, तर दुसऱ्यांदा वाच.

८. ड्रिल मशीनही राजसीला. ती माझी आहे. सोसायटीतल्या प्रत्येक घराने ती नेली, आणि माझ्या भिंतीवरचे कपाट बघून प्रत्येकाने विचारले, "कोणी लावून दिलं, मॅडम?" मीच लावले. मोठे बिट तीन घरांनी परत केलेले नाही. कोणी ते त्यांना माहीत आहे.

९. माझ्या डायऱ्या रद्दीत द्याव्यात. त्यांत गुपित काही नाही. जागेवर न सुचलेली आणि घरी आल्यावर सुचलेली उत्तरे आहेत. ती आता वरच्या कलमांत आली आहेत.

१०. देहाबद्दल. बोटीवर मेले तर कंपनीच्या नियमाप्रमाणे समुद्रात सोडावे किंवा जवळच्या बंदरात दहन करावे. मला आणायला कोणी येऊ नये. सही केली असती तरी नाही. दहावे-तेरावे करू नये. पालेगावच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स तर अजिबात लावू नये. त्यावर दादाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा असेल आणि खाली शोकाकुलांत समर्थचे सगळे मित्र.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे वकील यज्ञेश कारखानीस यांनी करावी. शेजारच्या मालिनीताई साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, म्हणून लिंबाच्या लोणच्याची बरणी त्यांना आजच हातात दिली. दुसरे साक्षीदार आमचे डॉक्टर. माझी मनःस्थिती ठीक असल्याचा दाखला लिहिताना ते म्हणाले, "बोटीचं ऐकून जरा थांबलो होतो. पण भावाचं ऐकलं आणि सही केली."

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, परत वाचून, मग खाली सही करत आहे.

तेजस्वी रघु वायले
(सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. मालिनी चिंतामणी गोखले, अंबरनाथ पूर्व (सही)
२. डॉ. अवधूत प्रधान, अंबरनाथ पूर्व (सही)

स्थळ: अंबरनाथ
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

उद्याचे काम: पालेगावला जाऊन वहिनीला साडी परत देणे, घडी न मोडता, बिनसहीचा फोल्डर तसाच खाली ठेवून.