पनाम्याची तयारी

४ फेब्रुवारी १९२८
स्पॅनिशचं पुस्तक फुकट मिळालं. खरा खर्च असा: इब्राहिम खलाशाला चार वेळा चहा, दोनदा सरंगा माशाचं जेवण, दुकानातला नवा कंदील, आणि बायकोचा दोन दिवस अबोला. तरी स्वस्त. मुंबईच्या एका पेढीचं पनाम्याला बंदरावर दुकान आहे, तिथं मॅनेजर हवा. मार्चअखेर त्यांचे एजंट माणूस निवडायला इथं येणार. माणूस ठरलेला आहे. त्यांना अजून कळलेलं नाही, एवढंच.

६ फेब्रुवारी
हातगाडी ओढून दुकान उभं केलं, शिकवणी कधी लावली नाही. गिऱ्हाइकाच्या पावलावरून रोख की उधार ओळखणारा कान आहे. त्याला स्पॅनिश म्हणजे काय! एप्रिलमध्ये मी इथं मांडवीत दिसलो तर बापाचं नाव लावणार नाही.

११ फेब्रुवारी
डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. साखर आसूकार, तांदूळ अर्रोस, साबण हाबोन. हाबोन म्हणजे आपलाच साबण, परदेशात सर्दी झालेला. रोजचं गिऱ्हाईक सोनूबाई म्हणाली, नाव बदललंत, साखर तीच ना वो? मोठ्या माणसाला सोसावं लागतं.

२० फेब्रुवारी
नववं पान. ‘सेरादो’, म्हणजे दुकान बंद. ‘नो आय’, म्हणजे माल नाही. असलं अभद्र मी बोलणार नाही. वीस वर्षं रोज रात्री दुकान ‘वाढवलं’, बंद एकदाही केलं नाही. माल नसला तर ‘उद्या या’. उद्याला ‘मान्याना’. पाठ झालं.
मेव्हणा रावजी पोत्यावर बसून जांभया देतो. त्याला खळ देऊन ते पान पुढच्या पानाला चिकटवायला लावलं. बायको म्हणाली, अहो, तिकडं नाही म्हणायची वेळ आली तर? म्हटलं, येणार नाही.

९ मार्च
अभ्यास नाही. शब्द आतल्या आत मुरतायत. पेटी घेतली. वर रंगवून घेतलं: पनामा.

२८ मार्च
एजंट आले. आल्या आल्या सोंब्रेरो मागितला, म्हणजे टोपी. टोप्या आपण ठेवत नाही. म्हटलं, मान्याना. घड्याळ मागितलं. मान्याना. बूट. मान्याना, जरा वाकून. एजंट हसले. काम झालं!
मग त्यांनी तेच रावजीला विचारलं. तो न उठता म्हणाला, नो आय. तिन्ही वेळा. चिकटवण्याआधी वाचलं असणार लबाडानं.
एजंटांचं म्हणणं, तिथलं गिऱ्हाईक बोटीवरचं, बोट संध्याकाळी सुटते. उद्या या म्हणणारा मागचा मॅनेजर त्यांनी त्याचसाठी काढला. रावजीला घेतलं.
पेढीच चुकीची. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणारी माणसं, वर्षात बुडतील. रावजी म्हणतो, भावोजी, पुस्तक द्या, बाकीचं बोटीवर शिकेन. मुळीच देणार नाही.

३१ मार्च
पुस्तक दिलं. बायकोनं मागितलं. पेटीही.

२ एप्रिल
रावजीची बोट पहाटे सुटली. मी सातला दुकान उघडलं. सोनूबाई पायरीवरूनच ओरडली, काय वो शेट, पनाम्याहून कधी आलात?
तिचं तोंड गोड राहावं म्हणून पावशेर गूळ फुकट दिला.