माझे तळपाय आणि सुनेची नळी

ता. ३ फेब्रुवारी १९५८, सोमवार
रात्रीच्या साक्षरता वर्गाच्या शिवदास मास्तरांनी वही दिली. रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेलं विसराल म्हणाले. सून कोकिळा चौथी झालीय, तिला वाचता येतं. म्हणून वही तांदळाच्या डब्यात.
आज मिठागरावर शेठनं मुंबईची काचेची नळी आणली. खाऱ्या पाण्यात सोडायची, तरंगली की नंबर बघायचा. पंचवीसला मीठ धरतं म्हणे. वीस वर्षं हे काम माझे पाय करतात. वाफ्यात उतरायचं, मिठाची कणी तळव्याला टोचली की मी ओरडते, ओढा रे! मग मीठ ओढायला सगळं आगर हलतं. नळीला काय कळतंय?
आणि दिली कोणाकडे? कोकिळाकडे. नंबर वाचते म्हणून.
ठरवलं : आठ दिवसांत नळी शेठच्या घरी परत.

ता. ५, सकाळी
वाफा नंबर चार. नळी म्हणते झालं. मी उतरले, टोचलं नाही. म्हटलं, नाही झालं. गुणाजी मुकादम म्हणाला, येसूबाय, कणी डोल्याला दिसतेय की! म्हटलं, मग डोळ्यांनीच ओढ. वाफा तसाच ठेवला. अजून माझाच शब्द चालतो.
कोकिळाच्या पायाला भेगा. मीठ झोंबतं म्हणून रडते. नखरे. भेगा मलाही आहेत, एवढंसं झोंबत नाही. पूर्वी झोंबायचं. अंग कसलेलं लागतं.

ता. ८
मोरीत मुंग्यांची रांग. कोकिळा गूळ चोरून खाते आणि तिथं चूळ भरते. गुळाचा डबा उशाला घेतला.
मला तहान फार. मिठात राबल्यावर लागणारच.

ता. ११
एक चप्पल वाटेत कुठं पडली ते घरी आल्यावर कळलं. हल्ली चपला फार हलक्या करतात.

ता. १३
वर्गात मास्तरांनी सांगितलं, कातडीला काही लागलं की डोक्याला तार जाते, पोस्टातल्यासारखी. म्हटलं, मास्तर, माझी तार पायातून थेट तोंडात. सगळ्या बाया हसल्या. मास्तर हसले नाहीत, माझ्या पायांकडे टक लावून बघत होते. पुरुष ते पुरुषच.

ता. १५
अखेर वाफा चार ओढला. व्यापाऱ्यानं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकला. कडू! फार दिवस ठेवलं म्हणे. शेठनं मला विचारलं. म्हटलं, नळी घातल्यापासून पाणी बिघडलं, काच बाधते. कोकिळा म्हणाली, आये, मग बाटलीतलं रॉकेल कसं नाय बिघडत? सगळ्यांसमोर! हसले मेले.
शेठ म्हणाला, सोमवारी वाफा सात. पाय चुकले तर बांधावर बसून गोण्या शिवायच्या.
ते काम म्हाताऱ्यांचं. मी का म्हातारी आहे?

ता. १६, रविवार, दुपारी
आगरावरच्या खोपटात कोणी नव्हतं. नळी कोनाड्यात. बांधावर ठेवली, टाच दिली. दोनदा. फुटल्याचा आवाज आला. तुकडे चिखलात दाबले. साफ काम, कोणी बघितलं नाही. येताना मिठाच्या ढिगावरून आले, थाटात.
तीन भाकऱ्या खाल्ल्या.

ता. १७, सोमवार
सगळे ढिगाभोवती गोळा. पांढऱ्या मिठावर लाल पावलं, उजव्या पायाचीच, थेट आमच्या वाटेला. म्हटलं, चोर असेल, नळी फोडून पळाला. गुणाजी म्हणाला, नली फुटली ते तुला कोनी सांगितला, येसूबाय?
कोकिळानं वाकून माझा पाय उचलला, बैलाचा खूर बघतात तसा. टाचेत काच. काचेला नंबराचा कागद. तिनं मोठ्यानं वाचला : चोवीस, पंचवीस.
म्हटलं, रात्रभर मुद्दाम सहन केलं.
वाफा सातमध्ये मला उतरू दिलं नाही.

ता. १९, उरण, सरकारी दवाखाना
डॉक्टरकडेही नळीच! निळं पाणी, त्यात माझी लघवी, खाली दिवा. विटेसारखं लाल झालं. त्यांनी विचारलं, मोरीत मुंग्या लागतात? कोकिळा माझ्याकडे बघत राहिली. गुळाचं मी काही बोलले नाही.
मग डोळे मिटायला लावले. पायाला सुई लागली की सांगा. मी काय कच्ची आहे? लागली. लागली. लागली. सात वेळा सांगितलं. कोकिळा फिसकन हसली. डॉक्टर म्हणाले, बाई, सुई मी अजून हातात घेतलेली नाही.

ता. १० मार्च, बांधावर
उजवा पाय फडक्यात. गोण्या शिवते. बसून का होईना, हात फर्स्ट क्लास चालतो. पोरींच्या दोन होतात तेवढ्यात माझ्या तीन.
कोकिळा नवी नळी घेऊन वाफ्यात उतरली. ओढा रे, म्हणून ओरडली. सगळं आगर हललं. ओरडते अगदी माझ्यासारखी, मेली.
बघायला उठले तर गोणीही उठली. डाव्या पायाच्या बोटांत धरून शिवत होते. सुतळी अंगठ्यातून आरपार, चांगले चार टाके.
त्याच गोणीवर वही ठेवून लिहितेय. सुतळी कापायला कोयता लागेल. कोयता कोकिळाच्या कमरेला आहे.
अजून हाक मारलेली नाही.