डिसेंबरात गळणारं छप्पर

देवबाग,
आगमनकाळाचा तिसरा आठवडा

प्रिय तेरेझाबाय,

तुझ्या धाकट्या, आणि या आठवड्यात आणखीच धाकट्या झालेल्या भावाचा, आंतोनचा तुला नमस्कार. गुडघे कसे आहेत? म्हापशाच्या डॉक्टरने दिलेलं तेल लावतेस की कपाटात ठेवून नुसतं बघतेस? इकडे वेनेसा बरी आहे, मुलं जरुरीपेक्षा जास्त बरी आहेत. हे फोनवरही विचारता आलं असतं. पण तिकडे तू ऐकतेयस म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आमच्या ग्लिनिसने परस्पर फोन करून तुला नाताळाला बोलावलं, ते कसं घडलं ते सांगतो. यंदा फादरांनी मला चर्चमधल्या मुलांना नाताळाआधीच्या या आगमनकाळात दानत शिकवायला सांगितलं. (दुसरं कोणी मिळेना म्हणून, माझी दानत बघून नव्हे.) मी मुलांना म्हटलं, प्रत्येकाने घरातलं काहीतरी देऊन टाका. पहिल्या रविवारी टेबलावर एका हाताच्या बाहुल्या, सुकलेली स्केचपेनं आणि एक चप्पल जमली. सॅविओने आपला धाकटा भाऊच आणून उभा केला. (परत न्यायला तयार नव्हता.) मग मी चिडून अर्धा तास असा बोललो की माझं मलाच भरून आलं. नको असलेलं देणं म्हणजे घर झाडणं, देताना जीव कासावीस होईल तेच द्या, वगैरे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आमची दोघं घरी येऊन विचार करत बसली, की आपल्याकडे असं काय आहे? नेल्सनला लगेच सुचलं: दर्याकडची खोली. (सीझनभर मी त्यांना तिच्या पायरीवरही बसू देत नाही, पर्यटकांचे फोटो बिघडतात म्हणून.) नाताळाच्या आठवड्यासाठी ती पुण्याच्या एका कुटुंबाने घेतली आहे हे दोघांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिची निवड झाली.

दुसऱ्या रविवारी भर वर्गात, मागे सगळ्यांचे आईबाप उभे असताना, ग्लिनिसने सांगितलं, "आमी पपाची दर्याकडची खोली तेरेझाआतेक दिली." माझ्या तोंडून निघून गेलं, "गो, तिचां छप्पर गळता." गेल्या वर्षी तुला हेच सांगितलं होतं ना, ते जिभेवर तयारच होतं. नेल्सनने शांतपणे विचारलं, "पपा, नाताळात पावस खंय पडता?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र गेल्या वर्षीचं सगळं आठवलं. बाय, भावोजी गेल्यानंतरचा तुझा तो पहिला नाताळ होता. आपल्याच घरी चार दिवस राहू का, एवढंच तू विचारलं होतंस. याच अंगणात तू वाढलीस, पाऊस कधी येतो नि कधी जातो हे तुला मी सांगावं? तरी तू फक्त म्हणालीस, "बरां, पुढल्या वर्सा बघया," आणि वर कौलं बदलायला गडी मिळतो का, याची चौकशी केलीस. मला लाज वाटते. वर्षभर वाटली नाही, याची जास्त वाटते.

तेव्हा ये. खोली तुझीच आहे.

तोंड कुठे लपवावं ते न कळणारा,
आंतोन

ता. क. पुण्याच्या लोकांना अजून नाही म्हटलेलं नाही. नक्की येणार असशील तर आधी कळव, उगाच खोली अडकायला नको. मागच्या खोलीतही वारा छान येतो.

ता. क. २ वरचा ता. क. ग्लिनिसने वाचला. फोन आणून हातात दिला आणि समोर उभी राहिली. पुण्याच्या लोकांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, माझी बहीण घरी येतेय. म्हणजे आता ते बोलून बसलोय. तू आली नाहीस तर मी समजून घेईन, तो तुझा हक्कच आहे. पण मुलांना काय सांगायचं, तेवढं तूच लिहून पाठव.