स्वर धरायला कोण बसणार

११ जानेवारी

ती. आई व ती. पप्पांस,
स. सलाम. वि. वि.

मी खुशाल आहे, तुम्हीही असाल असं धरून चालते. मागच्या पत्रानंतर मी पुन्हा जागा बदलली. होडीच्या तिकिटांची खिडकी सोडली. दिवसभर लोकांना पलीकडे जाताना बघायचं आणि आपण मात्र जाळीच्या आत, हे मला जमेना. आता एका लॉन्ड्रीत आहे. मालकीणबाई इस्त्री करता करता शिट्टी वाजवतात, आणि ती इतकी बेसूर की पप्पांनी ऐकली तर तिथल्या तिथे त्यांचा घसा उघडून दुरुस्तीला घेतील. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांनी मला बॉयलरच्या वरची खोली दिली आहे, त्यामुळे पाय गरम राहतात. खोलीच्या छताला एक डाग आहे, तो उंटासारखा दिसतो, पण पावडर लावलेल्या उंटासारखा. असो. भरकटले.

दादाचं पत्र आलं. त्यात त्याने जाता जाता लिहिलंय की हल्ली वहिनी पप्पांबरोबर कामाला जाते आणि ऑर्गनच्या पट्ट्यांवर बसते. जाता जाता! मी ते वाक्य चार वेळा वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली.

पप्पा, ती जागा माझी होती. दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत. तुम्ही चर्चच्या त्या खोलीएवढ्या ऑर्गनच्या पोटात शिरायचात, मी बाहेर स्टुलावर बसून एक पट्टी दाबून धरायची, तुम्ही आत त्या स्वराची नळी जुळवायचात, आणि पुढचा अशी हाक आली की मी पुढची पट्टी धरायची. दुसरं काही मला कधी नीट आलं नाही. शाळा तर नाहीच. पण हाक येण्याआधीच माझं बोट पुढच्या पट्टीवर असायचं, हे तुम्हीच पाळकसाहेबांना सांगितलं होतं. वहिनी शिवणकाम करणारी बाई. तिला काय कळतं त्यातलं?

मी चुकले, हे मी मागेही लिहिलंय, पुन्हा लिहिते. मला घरी यायचं आहे. मी आले तर माझी जागा मला परत मिळेल का, एवढं कळवा.

लोभ कमी झाला असेल तर उरलेला तरी राहू द्यावा, ही विनंती.
तुमची,
भिंगरी


२३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. जळलेल्या शर्टाचं वाचून मी हसले, मग वाईट वाटलं, मग पुन्हा हसले. त्या मावशीबाईंनी तुला खोली दिली हे छान झालं. पाय गरम राहतात हेही छान. तू घरात होतीस तेव्हा मी रोज तुझ्या पायांवर दुसरं पांघरूण घालायची, ते कोणाला पत्रात लिहिल्याचं मला आठवत नाही. मला बहीण नाही, तेव्हा तुला ही मावशी कुठून मिळाली हा प्रश्न मी तुझ्या पप्पांना विचारला. ते म्हणाले, मी एका अनोळखी बाईवर जळते आहे. मी म्हटलं, हो, जळते आहे, तुमचं काय म्हणणं?

तुझा प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा निवला म्हणाले. मी पुन्हा वाचला. तेव्हा म्हणाले, चहा कालच्यापेक्षा बरा आहे. एवढंच. उपासनेत आपण सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो ना, तर ‘आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर’ या वाक्याला ते तोंड मिटून घेतात. पुढच्या वाक्याला पुन्हा सुरू. तीन वर्षं मी शेजारी उभी राहून ती फट ऐकते आहे. खोटं बोलायचं नाही म्हणून ते गप्प राहतात, हे मला कळतं. पण पोरी, ऐकवत नाही.

मी त्यांच्याहून बरी आहे असं समजू नकोस. तुला क्षमा केली असं मी पहिल्याच वर्षी जाहीर करून टाकलं. पाळकबाईंनी महिलांच्या सभेत माझं उदाहरण दिलं, मीही मान खाली घालून ते घेतलं. खरी गोष्ट वेगळी आहे. तू ट्रकमध्ये बसून निघून गेलीस हे कळलं, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार प्रार्थनेचा नव्हता. मी का नाही गेले, हा होता. चाळीस वर्षं मी याच तीन खोल्यांत, याच खिडकीपाशी. तुझी पत्रं आली की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघते, नवी जागा असली की आतून काहीतरी टोचतं. एवढी वर्षं ते मी तुझी काळजी म्हणून खपवलं. ते आता देवापुढे मांडलं, म्हणून तुझ्यापुढेही मांडते. त्यानंतर बरंच हलकं वाटलं. आता क्षमा केली आहे, खरीखुरी. पाळकबाईंना सांगितलेलं नाही.

पप्पांचा गुडघा जरा धरतो, बाकी ठीक. येण्याची घाई करू नकोस. मी त्यांच्याशी बोलते आहे.

त्या बाईंना माझा सलाम सांग. मनापासून सांग, मी प्रयत्न करते आहे.
तुझी,
आई


२ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
स. सलाम.

तू मजेत असशीलच. असणारच. स्टूल मऊ आहे ना? त्याचा डावा पाय आखूड आहे, त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी ठेवायची. ठेवतेस की डुलतेस?

रागावून लिहीत नाही. (रागावूनच लिहिते आहे, मावशी म्हणतात माझे कान लाल झालेत.) मला फक्त कळून घ्यायचं आहे की तू त्या जागेसाठी काय केलंस. मी गेले त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सगळ्यांना वाटतं तसं नव्हतं. पळून जायचा बेत नव्हता. मी पट्टी धरून बसले होते, पप्पा आत, आणि चर्चच्या उघड्या दारासमोरून काचवाल्याचा ट्रक गेला. मागे एवढा मोठा आरसा बांधलेला, आणि त्यात अख्खी गल्ली उलटी चालली होती, सायकली, कुत्री, वाण्याची पाटी. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत बघून येते. म्हणून पट्टीवर गीतांचं जाड पुस्तक उभं टेकवून ठेवलं, म्हणजे स्वर चालू राहील. कोपऱ्यावर काचवाला आणि त्याची बायको रस्ता चुकले होते. मी रस्ता दाखवायला गाडीत चढले. मग पुढचाही रस्ता मीच दाखवला, आणि त्याच्या पुढचा मला माहीत नव्हता, तो बघायचा होता. असं होत होत तीन वर्षं झाली. लाजेने परत येववेना.

आता मला यायचं आहे आणि तिथे तू बसली आहेस. तुला शिवणयंत्र आहे, दादा आहे, तिन्ही खोल्यांच्या किल्ल्या आहेत. माझ्याकडे ते एक स्टूल होतं.

उत्तर पाठवलंस तर वाचीन, एवढा लोभ आहे.
तुझी नणंद


१० फेब्रुवारी

प्रिय नणंदबाईंस,
स. सलाम, वि. वि.

स्टूल डुलतं. पुठ्ठा आहे हे मला कोणी सांगितलं नाही, तरी मी पडले नाही, आभार.

तुझ्या पप्पांनी तुला एक गोष्ट कळवायची नाही असं आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलं होतं. आलीस तर आपणहून ये, लंगड्या बापाकडे बघून नको, असं त्यांचं म्हणणं. मी ते वचन आज मोडते आहे. चांगल्या मनाने मोडते असं नाही. तुझ्या पत्राने डोकं फिरलं म्हणून मोडते.

तू पुस्तक ठेवून गेलीस. स्वर चालू राहिला. पप्पांनी आतून पुढचा म्हणून हाक दिली, पाच वेळा, दहा वेळा. स्वर बदलेना. तू हट्ट करते आहेस असं वाटून ते तिरीमिरीने शिडी उतरायला लागले आणि अंधारात त्यांची पायरी चुकली. गुडघ्याची वाटी फुटली. ते आत नळ्यांच्या मधे पडून होते आणि ओरडत होते, पण तुझा स्वर एवढ्या मोठ्याने वाजत होता की आवाज बाहेर गेलाच नाही. चर्चच्या रखवालदाराला वाटलं, जुळवणी चालली आहे. दीड तास, भिंगरी. दीड तासाने तुझा दादा डबा घेऊन गेला, तेव्हा सापडले.

त्यानंतर ते शिडी चढलेले नाहीत. खालच्या ओळीच्या नळ्या उभ्याने करतात, मी पट्ट्या धरते. वरच्या दोन ओळींना तीन वर्षं हात लागलेला नाही, आणि दर रविवारी त्यांचा बेसूर ऐकू येतो. पप्पा डोळे मिटून बसतात, लोकांना वाटतं प्रार्थना करतात.

आणि तू मला विचारतेस मी त्या जागेसाठी काय केलं. मी बोटं सुजेपर्यंत पट्ट्या धरल्या. माझं चुकलं तर ते मला रागावत नाहीत, सून म्हणून. दमलीस का, पाणी हवं का. तुझ्यावर कसे ओरडायचे, तू कशी उलटून बोलायचीस, ते मात्र रंगवून रंगवून सांगतात. दोन वर्षांत मला एक ओरडा मिळालेला नाही. तुला माझ्या स्टुलाचा हेवा वाटतो, मला तुझ्या ओरड्याचा वाटतो. घे, झालं ना समाधान?

हे पत्र जाळू नकोस, मला लिहायला फार वेळ लागला.
तुझी वहिनी


१५ फेब्रुवारी

ती. पप्पांस,
स. सलाम.

वहिनीने कळवलं. तिला बोलू नका.

या पत्रात मी दुसरं काही लिहिणार नाही असं ठरवून बसले आहे. तीन कागद फाडले, प्रत्येकात काहीतरी गमतीचं घुसत होतं.

तुम्ही आत पडला होतात आणि मी आरशात सायकली बघत होते. ते मला माहीत नव्हतं, पण पुस्तक मी ठेवलं होतं. तुम्ही हाक मारली की कोणीतरी बाहेर आहे, हा तुमचा भरवसा होता, आणि तिथे कोणी नव्हतं. मला क्षमा करा. जागा परत मागितली ती मी सोडते, वहिनी चांगली बसते. मला नुसतं भेटायला येऊ द्या. आणि नाही म्हणालात तर तेही मला पोचेल.

तुमची,
भिंगरी


२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. आईने तीनदा शाई भरून दिली. ती आता बाहेर गेली आहे, तिने हे वाचू नये असं मी सांगितलं आहे, तेव्हा ती वाचणारच.

तू पट्टीवर पुस्तक ठेवलंस तो स्वर तुला आठवतो का? त्याच्या महिनाभर आधी तू म्हणाली होतीस की तो किंचित उतरला आहे. मी नाही म्हणालो, तुला गप्प बसवलं. त्या दिवशी मी आत गेलो आणि तुला न सांगता तो तू म्हणालीस तेवढाच चढवला. मग मी पडलो. दीड तास मला तो एकच स्वर ऐकावा लागला. तो स्वच्छ होता. काठोकाठ बरोबर. पाय मोडलेला माणूस दुसरं काहीतरी मनात आणेल, मी तेवढंच ऐकत होतो की पोरीचं बरोबर होतं.

दोन नळ्या एकदम वाजल्या की स्वरात जी थरथर उठते, ती मला मोजून मोजून जुळवावी लागते. चाळीस वर्षं झाली तरी मोजतो. तू दहा वर्षांची असताना मोजायची नाहीस, तुला नुसतं कळायचं. तू कितीदा म्हणालीस मला शिडीवर चढू द्या. मी म्हणालो शिडी पोरींसाठी नाही. ते खरं नव्हतं. तू एकदा आत गेलीस की मला बाहेर बसावं लागेल, हे मला दिसत होतं. नऊ वर्षं मी तुला हेव्यापोटी स्टुलावर बसवून ठेवलं, आणि तू उठून गेलीस तेव्हा सगळ्यांना सांगितलं की पोरीने बापाला टाकलं.

तुला क्षमा केली असं लिहायला बसलो होतो. केली आहे. पण लिहिता लिहिता माझीच मागायची राहिली आहे हे दिसलं. प्रभूने दोन्ही एकाच कागदावर करायला लावलं, शाई पुरली.

स्टूल तुला मिळणार नाही. ते तुझ्या वहिनीचं आहे, तिने ते कमावलं आहे. तू वर चढायचं. मार्चच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी चर्च मोकळं आहे. बूट रबरी तळाचे आण.

पप्पा


१६ मार्च

ती. मावशींस,
स. सलाम, वि. वि.

चष्मा लावून वाचा, अक्षर गिचमिड आहे कारण कागद मांडीवर घेऊन लिहिते आहे. पोचले. आईने दारातच मला घट्ट धरलं आणि पहिला प्रश्न विचारला तो तुम्ही मला दिलेल्या पांघरुणाबद्दल, ते लोकरीचं होतं की सुती. सुती म्हटल्यावर खूश झाली. पप्पा खुर्चीतून उठायला लागले तर मी म्हटलं बसा, तर म्हणाले मी माझ्या घरात उभा राहीन. मग दोघं उभेच राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. त्यांचा सदरा माझ्या डोळ्यांनी भिजला. तुम्ही पाहिला असतात तर लगेच इस्त्रीला मागितला असतात.

काल शनिवार होता. मी वर चढले. मावशी, आत म्हणजे जंगल आहे, माणसाहून उंच नळ्या आणि करंगळीएवढ्या नळ्या, आणि वारा. पप्पा खाली पहिल्या बाकावर काठी धरून बसले. वहिनी स्टुलावर. मी हाक द्यायची, तिने धरायचं. पहिली अर्धी सकाळ आम्ही एकमेकींना नुसत्या चुका दाखवल्या. मग तिने एक पट्टी चुकीची धरली आणि पप्पा खालून असे कडाडले की कबुतरं उडाली. मी वरून वाकून पाहिलं, वहिनीचा चेहरा कसा फुलला होता म्हणून सांगू.

दुपारी एका नळीवरून पप्पांचं आणि माझं जुंपलं. ते म्हणाले अजून चढव, मी म्हटलं पुरे. त्यांनी ती नळी पुन्हा वाजवायला लावली आणि मान वाकडी करून ऐकली. मग त्यांनी काठी आपटली आणि वहिनीला सांगितलं, तिचं ऐक, पुढची धर.

हे सगळं छान आहे, पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काम संपल्यावर वहिनी शिडीपाशी येऊन वर बघत उभी राहिली. तिने विचारलं, आत काय काय आहे गं? आणि मावशी, माझ्या तोंडातून पटकन निघून गेलं की विशेष काही नाही, अडचण आहे नुसती. ती बरं म्हणाली आणि पाठ फिरवून गीतांची पुस्तकं रचायला लागली. खाली पप्पा माझ्याकडे बघत होते. कळलं होतं त्यांना, त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

मी शिडीच्या मधल्या पायरीपर्यंत उतरले, हात खाली केला आणि म्हटलं, चप्पल काढ आणि ये. ती म्हणाली, साडी आहे. मी म्हटलं, खोच.

ती आत बराच वेळ होती. बाहेर स्टुलावर मी बसले, तिच्यासाठी स्वर धरून.

तुमच्या शिट्टीची आठवण येते. ती तशीच राहू द्या, कोणाला दुरुस्त करू देऊ नका. आईने सलाम सांगितला आहे, या वेळी न कुरकुरता.

तुमची,
भिंगरी